हिवतापाची साखळी उलगडणारा संशोधक : सर रोनाल्ड रॉस

दुःख आहे, दुःखाला कारण आहे, ते कारण दूर करता येते आणि ते दूर करण्याचा मार्ग आहे, ही तथागतांच्या धम्माची मांडणी एखाद्या कुशल वैद्याच्या रीतीशी जुळते, असे अभ्यासक पूर्वीपासून सांगत आले आहेत. हिवतापाच्या बाबतीत मानवजातीला हजारो वर्षे यातील पहिलीच गोष्ट ठाऊक होती. थंडी वाजून येणारा, ठरावीक दिवसांनी उलटणारा आणि माणसाला आतून पोखरणारा हा ताप सर्वांच्या परिचयाचा होता. कारण मात्र कोणालाच सापडले नव्हते. युरोपात तो दलदलीवरून येणाऱ्या दूषित हवेचा परिणाम मानला जाई आणि मलेरिया या शब्दाचा मूळ अर्थही तोच आहे. आपल्याकडे कुणी त्याला दैवाचा कोप मानले, कुणी बाधा समजून उतारे टाकले. कारणच कळत नव्हते, म्हणून मार्गही दिसत नव्हता. ते कारण ज्या माणसाने भारताच्या भूमीवर, भारतीय माणसांच्या साहाय्याने शोधून काढले, त्या सर रोनाल्ड रॉस यांचे जीवन आपल्या विद्यार्थ्यांनी समजून घेण्यासारखे आहे. त्यात जसे अनुकरणीय आहे, तसे विचारात पाडणारेही पुष्कळ आहे.

रॉस यांचा जन्म १३ मे १८५७ रोजी हिमालयाच्या कुशीतील अल्मोडा येथे झाला. त्याच्या तीनच दिवस आधी मीरतच्या छावणीत उठावाची ठिणगी पडली होती. वडील ब्रिटिशांच्या हिंदी फौजेत अधिकारी होते आणि दहा भावंडांत रोनाल्ड हे थोरले. वयाच्या आठव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी इंग्लंडला नातेवाइकांकडे पाठविण्यात आले. मुलाचा ओढा कविता, संगीत, चित्रकला आणि गणित यांकडे होता. वडिलांचा आग्रह मात्र वैद्यकाचा. शेवटी लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले, तेही फारशा गोडीने नव्हे. एका परीक्षेत अपयश आले, काही काळ त्यांनी जहाजावर डॉक्टर म्हणून नोकरी केली आणि १८८१ मध्ये ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल होऊन भारतात परतले. पुढे जगप्रसिद्ध झालेल्या या संशोधकाचा विद्यार्थिदशेतील लौकिक अगदी सामान्य होता, ही गोष्ट परीक्षेतील गुणांनी खचून जाणाऱ्या मुलांनी ध्यानात ठेवावी.

नोकरीच्या पहिल्या वर्षांत त्यांचा फावला वेळ गणित आणि साहित्य यांतच जाई. त्यांनी कविता लिहिल्या, कादंबरी लिहिली. मात्र १८८३ मध्ये बंगळुरूला असताना एका क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीकडे त्यांचे लक्ष गेले. त्यांच्या बंगल्यात डासांचा फार उपद्रव होता. खिडकीबाहेर पाण्याचे एक पिंप होते आणि त्यातील पाण्यात अळ्या वळवळत होत्या. रॉस यांनी ते पिंप रिकामे केले आणि खोलीतील डास कमी झाले. डासांचा बंदोबस्त करायचा तर हवेत हात मारण्यापेक्षा साचलेले पाणी शोधावे, हा धडा त्यांनी त्या पिंपापाशी घेतला. डासांचा हिवतापाशी काही संबंध असेल, हे मात्र तेव्हा त्यांच्या मनातही नव्हते.

त्यापूर्वी तीन वर्षे, १८८० मध्ये, अल्जीरियात काम करणाऱ्या लाव्हराँ या फ्रेंच लष्करी डॉक्टरांनी हिवतापाच्या रुग्णाच्या रक्तात एक सूक्ष्म परोपजीवी पाहिला होता. तो रक्तात येतो कोठून, हे कोडे कायम होते. १८९४ मध्ये रजेवर लंडनला गेलेल्या रॉस यांची डॉ. पॅट्रिक मॅन्सन यांच्याशी गाठ पडली. मॅन्सन यांनी चीनमध्ये असताना हत्तीरोगाचे कृमी डासाच्या शरीरात जातात हे दाखवून दिले होते. त्यांनी रॉस यांना सूक्ष्मदर्शकाखाली लाव्हराँ यांचा परोपजीवी दाखविला आणि तोही डासातच वाढत असावा, अशी आपली अटकळ सांगितली. त्या दिवसांपासून रॉस यांच्या आयुष्याला दिशा मिळाली. १८९५ मध्ये भारतात परतताच त्यांनी सिकंदराबादच्या छावणीत शोध सुरू केला.

हा शोध म्हणजे चिकाटीची परीक्षाच होती. डास रुग्णाला चावू द्यायचा, मग त्याचे शरीर सुईच्या टोकाने उकलून प्रत्येक पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तपासायची. पंख्याच्या वाऱ्याने डास उडून जातील म्हणून पंखा बंद ठेवावा लागे. कपाळावरच्या आणि हातांवरच्या घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजून गेले. शेकडो डास उकलूनही हाती काही लागेना, कारण तपासले जात होते ते चुकीच्या जातींचे डास. घरात सहज सापडणाऱ्या करड्या आणि पट्टेरी डासांत माणसाच्या हिवतापाचा परोपजीवी वाढतच नाही, हे तोवर कोणालाच ठाऊक नव्हते. मध्येच पटकीच्या साथीसाठी त्यांची बंगळुरूला रवानगी झाली. पुढे निलगिरीच्या पायथ्याशी सिगूर घाटात डासांचा शोध घेताना खुद्द रॉस यांनाच हिवतापाने गाठले.

या संशोधनाची दुसरी बाजूही विद्यार्थ्यांनी वाचली पाहिजे. डासांच्या अळ्या आणून देणारे, डास वाढविणारे आणि स्वतःचे रक्त देणारे लोक या देशातील गरीब माणसे होती. डास पाण्यात मरतात आणि ते पाणी पिणाऱ्याला रोग होतो, असा मॅन्सन यांचा समज होता. तो तपासण्यासाठी १८९५ मध्ये रॉस यांनी लछमन नावाच्या एका निरोगी माणसाला तसे पाणी प्यावयास दिले आणि त्यांना ताप आला. त्यांच्या रक्तात परोपजीवी सापडला नाही, म्हणून प्रयोग निष्फळ ठरला. आजच्या नियमांनुसार असा प्रयोग कोणत्याही समितीपुढे टिकणार नाही. हुसेन खान हे हिवतापाने आजारी असलेले रुग्ण. त्यांनी आपल्या अंगावर डास चावून घेतले आणि त्यासाठी प्रत्येक डासामागे त्यांना एक आणा मिळाला.

ऑगस्ट १८९७ मध्ये सहायकांनी आणलेल्या अळ्यांतून ठिपकेदार पंखांचे तपकिरी डास निपजले. आज आपण त्यांना ॲनॉफेलीस म्हणून ओळखतो. ते हुसेन खान यांना चावले. २० ऑगस्ट रोजी त्यांपैकी उरलेल्या शेवटच्या डासांपैकी एक उकलताना त्याच्या जठराच्या भिंतीत रॉस यांना काही गोल पेशी दिसल्या आणि त्या पेशींत हिवतापाच्या परोपजीवीची ओळख पटविणारे काळे कण होते. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या डासात त्याच पेशी अधिक मोठ्या झालेल्या आढळल्या. परोपजीवी डासाच्या शरीरात जिवंत राहतो आणि वाढतो, हे सिद्ध झाले. त्या आनंदात रॉस यांनी एक कविता लिहून आपल्या पत्नीला पाठविली. २० ऑगस्ट हा दिवस आज जगभर जागतिक मच्छर दिन म्हणून पाळला जातो.

साखळीतील अर्धा भाग सापडला, अर्धा बाकी होता. डासाच्या जठरातील परोपजीवी पुन्हा माणसात शिरतो कसा? याच टप्प्यावर सरकारने रॉस यांची बदली राजपुतान्यातील खेरवाडा येथे केली. तेथे हिवतापाचे रुग्णच मिळेनात. मॅन्सन यांनी लंडनहून खटपट केली, तेव्हा कोठे १८९८ च्या प्रारंभी त्यांना कलकत्त्याला विशेष कामावर नेमण्यात आले. कलकत्त्यातही प्लेगच्या टोचणीची धास्ती एवढी पसरली होती की, रुग्ण बोट टोचून घ्यायला तयार होत नसत. तेव्हा रॉस यांनी पक्ष्यांच्या हिवतापाकडे मोर्चा वळविला. जुलै १८९८ मध्ये परोपजीवी डासाच्या जठरातून निघून त्याच्या लाळग्रंथींत येऊन साठतात हे त्यांना दिसले. मग रोगी पक्ष्यांचे रक्त प्यालेले डास त्यांनी निरोगी चिमण्यांवर सोडले आणि त्या चिमण्या आजारी पडल्या. रोग दूषित हवेतून येत नाही, डासाच्या दंशातून येतो, हे आता उघड झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस इटलीत ग्रास्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या हिवतापाबाबत ॲनॉफेलीसची हीच भूमिका सिद्ध केली.

कलकत्त्याच्या प्रयोगशाळेबाहेर १८९८ मध्ये काढलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात रॉस आहेत, त्यांची पत्नी आहे, पक्ष्यांचे पिंजरे आहेत आणि सहायक उभे आहेत. त्यांपैकी महंमद बक्ष यांचे नाव इतिहासाला माहीत आहे. डास पकडणे, वाढविणे, पिंजऱ्यांची निगा राखणे ही कामे ते निष्ठेने करीत. आणखी दोघे केवळ सहायक म्हणून ओळखले जातात. महंमद बक्ष आणि हुसेन खान यांची नावे आपल्यापर्यंत पोहोचली, कारण रॉस यांनी ती आपल्या लेखनात नोंदविली. तेवढे श्रेय त्यांना दिले पाहिजे. परंतु १९०२ मध्ये वैद्यकाचे नोबेल पारितोषिक एकट्या रॉस यांना मिळाले आणि ते ब्रिटनचे पहिले नोबेल मानकरी ठरले. ग्रास्सी यांच्याशी श्रेयावरून त्यांचा कडवट वाद आयुष्यभर चालला. गुरुस्थानी असलेल्या मॅन्सन यांच्याशीही पुढे बिनसले. आपल्या श्रेयासाठी झगडण्याची ताकद आणि लेखणी रॉस यांच्याजवळ होती. अंगावर डास घेणाऱ्यांजवळ ती नव्हती.

१८९९ मध्ये भारतातील नोकरी सोडून रॉस लिव्हरपूलच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेत अध्यापक झाले. येथून त्यांच्या आयुष्याचा दुसरा आणि माझ्या मते अधिक मोलाचा अध्याय सुरू होतो. कारण सापडले, आता ते दूर करावयाचे होते. पश्चिम आफ्रिकेतील फ्रीटाउन शहरात त्यांनी डासांची उत्पत्तिस्थाने हुडकली आणि डबकी बुजविणारी, नाल्या मोकळ्या करणारी, पाण्यावर रॉकेल शिंपडणारी, फुटकी भांडी उचलणारी कामगारांची पथके उभी केली. अशी पथके कशी उभारावीत यावर त्यांनी पुस्तकही लिहिले. १९०२ मध्ये सुएझ कालव्यावरील इस्माइलिया शहरात कालवा कंपनीने त्यांचा सल्ला घेतला आणि तो मनापासून अमलात आणला. तेथे १९०२ मध्ये हिवतापाचे १५५१ रुग्ण नोंदले गेले होते. १९०५ मध्ये ही संख्या ३७ वर आली. फ्रीटाउनला मात्र काम थंडावताच डबकी पुन्हा साचली आणि डास परतले. डास तोच, रोग तोच. फरक पडला तो काम नेटाने चालू राहण्यात.

भारतात काय झाले? लाहोरजवळच्या मियाँमीर छावणीत सरकारने विसाव्या शतकाच्या आरंभी डास हटविण्याचा प्रयोग केला. भोवताली कालव्यांचे पाणी खेळत होते, क्षेत्र लहान होते आणि खर्चाला हात आखडता होता. अपेक्षेप्रमाणे यश आले नाही. त्यावरून डास हटविण्यात अर्थ नाही, लोकांना क्विनीन वाटावे हे बरे, असा सोयीस्कर निष्कर्ष अनेक अधिकाऱ्यांनी काढला. ज्या देशात हा शोध लागला, त्याच देशातील राज्यकर्त्यांनी त्याकडे पाठ फिरवावी, याचा रॉस यांना अतोनात संताप आला आणि त्यांनी तो लपविला नाही. मुंबईत मात्र या ज्ञानाचा उपयोग झाला. १९११ च्या आपल्या अहवालात डॉ. बेंटली यांनी शहरातील विहिरी आणि पाण्याच्या टाक्या हेच तेथील हिवताप पसरविणाऱ्या डासांचे माहेरघर असल्याचे दाखविले आणि त्यानंतर विहिरी बुजविण्याची वा झाकण्याची मोहीम हाती घेण्यात आली.

१९०७ च्या अखेरीस रॉस मॉरिशसला गेले. त्या बेटावरील उसाच्या मळ्यांत करारबद्ध मजूर म्हणून नेलेले हजारो हिंदी लोक राहत होते आणि त्यांत आपल्या कोकणातून गेलेली मराठी कुटुंबेही होती. १८६६-६७ च्या सुमारास तेथे हिवतापाने भयंकर संहार केला होता. या बेटाचा अभ्यास करताना रॉस यांच्यातील जुना गणिती जागा झाला. सगळे डास मारता येणे शक्य नाही, म्हणून प्रयत्न व्यर्थ आहे, असे टीकाकार म्हणत. रॉस यांनी समीकरणे मांडून दाखविले की, प्रत्येक डास मारण्याची गरजच नाही. एका रुग्णापासून दुसऱ्या माणसापर्यंत रोग जाण्यासाठी अनेक योग जुळून यावे लागतात : डास रुग्णालाच चावला पाहिजे, परोपजीवी परिपक्व होईपर्यंत दहा-बारा दिवस जगला पाहिजे आणि मग निरोगी माणसाला चावला पाहिजे. वस्तीतील डासांची संख्या एका मर्यादेखाली आणली की ही साखळी आपोआप क्षीण होते आणि रोग हळूहळू मावळतो. एक असेल तर दुसरे होते, एक नसेल तर दुसरे होत नाही, हा प्रतीत्यसमुत्पादाचा विचार ज्यांना ठाऊक आहे त्यांना या गणितामागचे तत्त्व परके वाटणार नाही. साथरोगांच्या आजच्या गणिती अभ्यासाचा पाया या कामाने घातला. कोरोनाच्या काळात एका रुग्णापासून किती जणांना लागण होते, याचे जे आकडे आपण रोज ऐकत होतो, त्या विचाराची एक महत्त्वाची मुळी येथे आहे.

१९११ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली. १९१४ च्या महायुद्धात त्यांचा एक मुलगा मारला गेला. लसीकरणाच्या शोधाबद्दल जेन्नर यांना ब्रिटिश संसदेने मोठी रक्कम दिली होती. तसा मोबदला मिळावा म्हणून रॉस यांनी केलेले अर्ज फळले नाहीत. १९२६ मध्ये लंडनला त्यांच्या नावाची संशोधनसंस्था व रुग्णालय उघडले, परंतु दोन वर्षांनी त्यांनी आपली कागदपत्रे विक्रीस काढली. १६ सप्टेंबर १९३२ रोजी त्यांचे निधन झाले.

जानेवारी १९२७ मध्ये कलकत्त्याच्या त्या रुग्णालयात रॉस यांच्या उपस्थितीत त्यांचे स्मारकद्वार उघडण्यात आले. त्यानंतर दोनच महिन्यांनी, २० मार्च रोजी, महाडला बाबासाहेबांनी हजारो बांधवांसह चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. या दोन घटनांत कार्यकारणाचा संबंध नाही. पण इतिहासाचा विद्यार्थी त्या शेजारी ठेवून पाहतो, तेव्हा एक प्रश्न उभा राहतो. पाण्यातून रोग कसा निपजतो, हे विज्ञानाला कळून तीस वर्षे झाली होती. त्याच काळात गावाचे चांगले पाणी एका समाजाला बंद होते आणि गावाचे सांडपाणी जेथे साचते त्या बाजूलाच त्याची घरे होती. अशा वस्तीत ज्ञान आपल्या पायांनी चालत येत नाही. ते आणावे लागते, त्यासाठी हक्क मागावा लागतो आणि शासनाला कर्तव्याची जाणीव करून द्यावी लागते.

बाबासाहेबांनी ते करून दाखविले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना १९४३ च्या डिसेंबरात ते धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले. पुढच्याच वर्षी कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. कोळशावरील अधिभारातून उभ्या राहिलेल्या या निधीतून खाण कामगारांच्या वस्त्यांत ज्या सोयी झाल्या, त्यांत हिवतापविरोधी मोहीमही होती. सिकंदराबादच्या प्रयोगशाळेतील शोध खाण मजुराच्या झोपडीपर्यंत पोहोचायला जवळजवळ अर्धे शतक आणि एक वटहुकूम लागला.

स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात दरवर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख मृत्युमुखी पडत, असा अंदाज आहे. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. डीडीटीच्या फवारणीने १९६५ पर्यंत रुग्णसंख्या लाखाच्या आसपास आली. मग यंत्रणा सैलावली, डास कीटकनाशकाला सरावले आणि १९७६ मध्ये हा आकडा पुन्हा चौसष्ट लाखांवर गेला. फ्रीटाउनचाच धडा आपण देशभर नव्याने गिरविला.

प्रज्ञा, शील आणि करुणा ही बाबासाहेबांनी सांगितलेली कसोटी रॉस यांना लावली, तर काय दिसते? प्रज्ञेत ते फार मोठे होते. शोध लागल्यावर तो कपाटात न ठेवता डबक्यापर्यंत नेण्याची त्यांची धडपड करुणेशी नाते सांगणारी होती. श्रेयाच्या वादांत मात्र त्यांचा तोल अनेकदा गेला आणि गरिबाच्या शरीराचा प्रयोगासाठी वापर करताना त्यांच्या काळाला जे खटकले नाही, ते त्यांनाही खटकले नाही. थोर माणसाचे चरित्र वाचावे ते असे, डोळे उघडे ठेवून. त्याचे ऋणही मानावे आणि त्याच्या मर्यादाही सांगाव्यात.

आपल्या शाळेच्या वसतिगृहात आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळला जातो. पिंपे, टाक्या, कुलर रिकामे करून घासले जातात आणि मुले कधीकधी कंटाळा करतात. अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवडा ही मुदत आहे. पिंप घासणाऱ्या मुलाला हे कारण सांगितले, तर त्याच्या हातातला घासणारा काथ्याही विज्ञानाचे साधन होतो. आपली मुले उद्या सूक्ष्मदर्शकाच्या मागे बसोत, ही प्रत्येक पालकाची इच्छा असावी. ती बसतील तेव्हा अळ्या गोळा करणाऱ्या हातांची नावे त्यांनी आपल्या अहवालात आवर्जून लिहावीत आणि सुट्टीत घरी आल्यावर आपल्या वस्तीतील साचलेले पाणी कोठे आहे, ते आधी पाहावे.